खडकवासल्याचे गळवाले केळशीच्या समुद्रावर: तंबू कुठे ठोकायचा, गळ कुठे टाकायचा?

मुठाकाठी

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यातले अकरा जण. नऊ वर्षं झाली, दर रविवारी पहाटे खडकवासल्याच्या नाहीतर पानशेतच्या काठावर गळ टाकून बसतो. आमच्या या मंडळाची नोंदणी-बिंदणी काही नाही. महिना शंभर रुपये वर्गणी, त्यात चहा आणि आमिष. मी खजिनदार, म्हणजे शिव्या खाणारा. रोहू, कटला, मृगळ आणि काहीच नाही तर चिलापी, एवढंच आमचं जग. पीठ मळायचं, त्यात शेंगदाण्याची पेंड, वर ज्याचा त्याचा गुप्त मसाला (माझा बडीशेप, आता गुप्त राहिला नाही), गोळा टाकायचा आणि घंटी वाजायची वाट बघायची.

यंदा सगळ्यांना समुद्राची हुक्की आलीय. डिसेंबरातला एक शनिवार-रविवार, ताम्हिणी-माणगाव-मंडणगड करून केळशी. एकाची मावशी तिथे राहते. मोठं अंगण आहे, विहीर आहे, संडास आहे. पण आमच्यातल्या पोरांना (पोरं म्हणजे पस्तिशीची) अंगणात झोपायचं नाहीये, तंबू वाळूतच हवेत, लाटांचा आवाज ऐकत झोपायचंय. बरोबर दोघांच्या बायका आणि आठ ते बारा वर्षांची तीन मुलं.

तर विचारायचंय ते असं. चौघांनी हौसेने बारा फुटी रॉड घेतलेत, बाकीचे आम्ही सात जण तळ्यावरच्या सात-आठ फुटी काठ्यांवर भागवू म्हणतोय. भागेल का? गळ भरतीला टाकायचा की ओहोटीला? तीन व्हिडिओ बघितले, तिघांचं तीन. तंबू पाण्यापासून किती लांब ठोकावा? आणि पीठ चालेल का? हसू नका, विचारायला काय जातंय.

आणखी एक. आमच्यातल्या एकाला पोहता येत नाही. तो मीच.

---

पाऊणपट

पिठाच्या पुऱ्या करा आणि वाटेत खा.

मी मूळचा दापोली तालुक्यातला, पोटापाण्यासाठी डोंबिवलीत. वीसेक वर्षं त्या पट्ट्यात गरवतोय. (आमच्याकडे गळ टाकायला जाणं नाही, गरवायला जाणं म्हणतात. मावशीसमोर तरी तसं म्हणा.)

आधी वेळ. व्हिडिओ सोडा, घरातलं कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि तारीख नको, तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, संध्याकाळी साधारण वीस-पंचवीस मिनिटं पुढे. मधे सव्वासहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मोबाईलची बॅटरी संपल्यावरही हा हिशेब चालतो.

दुसरं, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी मेल्यासारखं असतं, उधाणाला ओढ इतकी की लाइनला बांधलेलं शिसं जागेवर राहत नाही. तुमच्यासारख्या पहिलटकरांना मधली तिथी बरी. शनिवारी शुद्ध एकादशी मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, दुपारी अडीचला ओहोटी, रात्री साडेआठ-पावणेनऊला परत भरती. सूर्य सहाला मावळतो. म्हणजे कातरवेळ नेमकी चढत्या पाण्यात, वर चंद्र. याहून जास्त तुम्हाला समुद्र काय देणार?

आता तंबू. हे जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः बुडालोय.

ऑफिसातले सहा जण घेऊन गेलो होतो, हौस पौर्णिमेची. मीच म्हणालो होतो चांदणं बघू. संध्याकाळी साडेपाचला पोचलो. समुद्र इतका लांब की मुलांना क्रिकेट खेळायला मैदान. आम्ही त्या सपाट, घट्ट वाळूवर तंबू ठोकले. एकाने तर गाडीच खाली आणली, टपावरचं सामान उतरवायला सोपं म्हणून. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, हे मला लहानपणापासून पाठ. आजोबांनी मार देऊन पाठ करून घेतलेलं. पण त्या संध्याकाळी मी पाहुण्यांना शेंगदाणे वाटत होतो. साडेदहाला जाग आली ती पाठ गार लागली म्हणून. तंबूची चेन उघडली तर माझी एक चप्पल गोल गोल फिरत होती आणि भाताचं पातेलं झाकणासकट होडीसारखं चाललं होतं. माणसं भिजली, एवढंच. गाडीची मागची चाकं मात्र वाळूत अशी बसली की दार उघडेना. गावातला ट्रॅक्टर आला, दोर लावला, गाडी निघाली. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "तुम्ही इकडचेच ना?" ते पैशांपेक्षा महाग पडलं.

तेव्हा गाडी रस्त्यावर. वाळूत उतरवायचीच नाही, फोर बाय फोर असली तरी. आणि तंबूचं असं: किनाऱ्यावर वाळलेल्या काटक्या, शेवाळ, थर्माकोलचे मणी यांची एक रेघ दिसते, ती कालच्या भरतीची. तिच्या वर दुसरी, जुनी, धुळकट रेघ असते, ती मागच्या उधाणाची. त्याच्याही वर जांभळ्या फुलांची एक वेल वाळूवर पसरलेली दिसेल. ती मर्यादवेल. नावातच सगळं आलं. तंबू तिच्या पलीकडे, सुरूच्या झाडांच्या बाजूला. वेल तुडवू नका, वाळू तिनेच धरून ठेवलेली असते.

आता मासा. तुम्ही तळ्यावरची माणसं, तुमच्या डोक्यात खोल पाणी म्हणजे लांब. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, तसं नसतं. दुपारी अडीचला, पूर्ण ओहोटीला, रॉड बाजूला ठेवून मोकळ्या हातांनी पाण्याच्या कडेने चाला. वाळू सपाट नाही हे दिसेल. किनाऱ्याला समांतर एखादा चर असतो, त्याच्या पलीकडे वाळूचा दांडा. लाट दांड्यावर फुटते, चरावर येऊन शांत होते, मग पायाशी परत फुटते. भरती चढली की मासा दांडा ओलांडून या चरात येतो, कारण लाटेने उकरलेले खुबे, किडे, कोळंबी सगळं तिथेच साचतं. चर तुमच्यापासून वीस-तीस पावलांवर असतो. तुमचे बारा फुटी बहाद्दर दीडशे ग्रॅमचं शिसं शंभर मीटर फेकतील आणि माशाच्या डोक्यावरून पलीकडे टाकतील. सात फुटी काठी आणि चाळीस-पन्नास ग्रॅम शिसं, भागेल. मोठा रॉड हवा तो दूरसाठी नाही, लाइन लाटांच्या वर धरण्यासाठी. म्हणून वाळूत रोवायला चार फुटी पाइप न्या.

बारा फुटीवाल्यांना एक ताकीद द्या. बारीक लाइनच्या पुढे जाड नायलॉनचा तुकडा जोडायचाच, रॉडच्या दुपटीइतका लांब, म्हणजे फेकताना गाठ रिळाच्या आत राहते. नाहीतर जोरात फेकताना लाइन तुटते आणि शिसं बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. मागे मुलं असतील हे विसरू नका.

आणि पोहता न येणारे खजिनदार, तुमच्यासाठी. लाटांच्या रांगेत एखाद्या ठिकाणी लाट फुटतच नाही, पाणी गुळगुळीत, जरा गढूळ दिसतं. परगावच्या माणसाला वाटतं इथे शांत आहे, मुलांना इथेच सोडू. तिथेच ओढ असते. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्या खिंडीतून परत समुद्रात जातं. गळ टाकायला अगदी तीच जागा, कारण मासाही त्याच वाटेने ये-जा करतो. पाय टाकायला मात्र तीच जागा नको. गुडघ्याच्या वर पाणी कुणीच घ्यायचं नाही.

केळशीजवळच्या भारजा नदीच्या मुखाकडे जाल तर जिताडा लागू शकतो. मोठा असला तर ती मादीच समजा. जिताडा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो, रावसाचंही तेच. मोठा मी सोडून देतो आणि घरी बोलणी खातो. तुमचं तुम्ही ठरवा.

---

शेंगटी

पाऊणपटांनी सगळां सांगलां, आमिषाचा तेवढा रवला. मालवणीत लिवतंय, समजान घेवा.

सुंगटां (कोळंबी) ताजी होयी, बर्फातली नको. सकाळी बाजारात जावा, कोळणीक सांगा गरवूक होयी म्हणान, ती बारीक काढून दितली. साल काढू नकात. गरी (गळाचो आकडो) शेपटेकडसून ओवा आणि टोक पोटाकडे भायर येवंदे. बांगड्याचो तुकडो लावतास तर बारीक सुतान चार वेढे मारा, नायतर कुर्ले दोन मिनटांत गरी साफ करतत आणि तुम्ही अर्धो तास रिकामी गरी घेवन बसतलास.

पोरांक बारीक गरी द्या, सुंगटाचो इल्लोसो तुकडो, पायाकडेच टाकूक सांगा. मुडदुशे गावतले. पोरां खूष, बायको खूष. मुडदुशासारखो गोड मासो नाय.

आणि शेंगटी गावली म्हणान तोंड वाकडां करू नकात. (माझा नाव बघा.) तिरफळां घालून तिखला करूचा. फक्त काट्यांका सांभाळा.

---

ओसरी

मी त्याच किनाऱ्यावरच्या एका गावातली. नर्स होते, आता निवृत्त. वरच्या भाऊंनी काट्यांचं एका ओळीत संपवलं, म्हणून लिहिते.

शिंगाळ्याला (शेंगटी तीच) तीन काटे: एक पाठीवर, दोन कुशींना. करवतीसारखे दाते असतात आणि विष असतं. पाकट म्हणजे तो चपटा, पसरट मासा, त्याचा काटा शेपटीवर. मासा मेला तरी काटा टोचतो, बादलीत हात घालताना टोचतो. माझ्याकडे येणारे निम्मे लोक मासा काढताना टोचलेले नसायचे, नंतर फोटो काढताना टोचलेले असायचे.

टोचलं तर हळद नाही, चुना नाही, बर्फ तर नाहीच. गरम पाणी. सोसवेल इतकं गरम, साधारण पंचेचाळीस अंश, चांगल्या हाताने आधी बघायचं कारण टोचलेल्या हाताला कळत नाही आणि माणसं भाजून घेतात. त्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा, गार झालं की बदलायचं. हे विष उष्णतेने मोडतं, कळ उतरते. मग दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघून घ्यायचं. पाकटाने पोटात किंवा छातीत टोचलं तर पाणी गरम करत बसू नका, गाडी काढा. म्हणून सांगते, किनाऱ्यावर जाताना चहाचा थर्मास असतोच, त्याच्याबरोबर नुसत्या उकळत्या पाण्याचा एक न्या.

शिंगाळा, पाकट सोडताना लांब चिमटा वापरा. फुगणारा केंड लागला तर सोडून द्या, तो खायचा नाही, विषारी असतो. कुत्र्यालाही घालू नका.

दुसरं, कासवं. नोव्हेंबरपासून आमच्याकडे ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला वर येतात. वेळासला 2002 पासून घरटी राखायला सुरुवात झाली, आता केळशी-आंजर्ल्यापर्यंत गावोगावी राखतात. पहाटे वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग पाण्यातून वर गेलेला दिसला, तर त्याच्यावर चालू नका, गावातल्या कासवमित्राला सांगा. मादी वर येताना दिसली तर टॉर्च बंद, रॉड बाजूला, सगळ्यांनी गप्प बसायचं. उजेड दिसला तर ती अंडी न घालता परत फिरते. तुम्ही डोक्याला जे पांढरे दिवे बांधता त्याला लाल जिलेटीनचा कागद लावा. शेकोटी वाळूत नको, मावशींच्या अंगणात करा. तुटलेली लाइन मुठीत गोळा करून घरी न्यायची, ती वाळूत राहिली तर कुत्र्यांच्या पायाला आणि कासवांच्या मानेला फास बसतो.

आणि ग्रामपंचायतीत आधी विचारा. हो म्हणतील, पण विचारलेलं गावाला बरं वाटतं.

---

मुठाकाठी

मंडळी, जाऊन आलो. शुद्ध एकादशीच धरली. अकरापैकी नऊ जण गेले, एकाच्या घरी एकादशीचा प्रश्न आला आणि एकाचा बॉस आला.

दुपारी अडीचला ओहोटीत सगळ्यांना मोकळ्या हातांनी चालवलं. "रॉड नको तर आलो कशाला" असा सूर होता. चर दिसला! एका जागी तर गुडघाभर पाणी साठून राहिलं होतं, त्यात बोटभर मासे पळत होते. मी वर सुरूच्या झाडाला माझा पांढरा रुमाल बांधला, खुणेसाठी, कारण भरती आल्यावर सगळं पाणी सारखंच दिसणार. हे कुणी सांगितलं नव्हतं, माझं डोकं. त्या दिवसातलं तेवढंच चाललं.

साडेचारपासून पाणी चढायला लागलं. बारा फुटीवाल्या चौघांना मी पाऊणपटांचं पोस्ट मोठ्याने वाचून दाखवलं होतं, तरी चौघंही जमेल तेवढं लांबच फेकत होते. रॉड हातात आला की माणूस ऐकत नाही. एकाने जाड तुकडा जोडलाच नव्हता. तिसऱ्या फेकीला फाटकन आवाज झाला आणि शिसं गेलं ते पाण्यात पडलेलंसुद्धा कुणी बघितलं नाही. मुलं पाठीमागेच, अंगणाकडून चहा घेऊन येत होती. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही, मग त्याने गुपचूप मागची पोस्टं उघडली आणि मला गाठ विचारायला आला.

सहा वाजून गेल्यावर, उजेड आंब्याच्या सालीसारखा झाला होता तेव्हा, माझी काठी पाइपातून वाकली. तळ्यावर कटला लागतो तो आधी विचार करतो, मग ओढतो. हा विचार करत नव्हता. रीळ कर्र करून पळालं, मग एकदम सैल. मी म्हटलं गेला. मागून एक जण ओरडला, "पाठी पळा काका, तो तुमच्याकडे येतोय!" मी वाळूत उलटा पळालो, बसलो, पुन्हा उठलो. लाटेबरोबर वर आला तो चंदेरी, पंख पिवळसर, हनुवटीखाली मिशांसारखे चार धागे. रावस. मावशींच्या तराजूवर सव्वा किलो. रुमालाच्या समोर, पंचवीस पावलांवर, सात फुटी काठीला, नऊ वर्षांच्या जुन्या रिळावर. चौघांनी त्याचा फोटो काढला, त्यांचे रॉड मागे उभे, जणू त्यांनाच लागला.

त्यानंतर आनंदीआनंद. शिंगाळे चौदा. तीन केंड, फुगून चेंडू झालेले, मुलं खदखदून हसली, सोडले. मुलांना मुडदुशे सहा. एक काहीतरी जड लागलं, तळाला चिकटून बसलं, हलेना, मग लाइनच तुटली. गावातला एक मुलगा बघत उभा होता, म्हणाला पाकट असेल.

आणि चौदातल्या अकराव्या शिंगाळ्याने खजिनदाराला प्रसाद दिला. अंगठ्याच्या गादीत. ओसरीताई, मी चिमटाच वापरत होतो. चिमट्यातून सुटला आणि मी तळ्यावरच्या सवयीने हातावर झेलला. कळ कोपरापर्यंत गेली, डोळ्यांतून पाणी. थर्मास होता. पातेल्यात ओतलं, विहिरीचं पाणी मिसळलं, डाव्या हाताने बघितलं आणि उजवा बुडवला. पंधरा-वीस मिनिटांत माणसात आलो. तासभर तसाच बसून होतो, एकजण पाणी बदलत होता, बाकीचे माझी काठी वापरत होते. रविवारी सकाळी दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. तुमचे पाय कुठे धरू सांगा.

तंबू मर्यादवेलीच्या पलीकडे होते. साडेआठला पाणी कालच्या काटक्यांच्या रेघेपर्यंत आलं, तिथेच घुटमळलं, परत गेलं. आम्ही वरून बघत बसलो होतो, सिनेमा बघावा तसे. पण समुद्राने नाही भिजवलं ते दवाने भिजवलं. पहाटे तीनला तंबूच्या आतून टपटप. वरची ताडपत्री आणली नव्हती. साडेतीनला लाटांचा आवाज ऐकत झोपणारी सगळी पोरं पांघरुणं घेऊन मावशींच्या ओसरीवर ओळीने पडली होती.

मावशींनी रावस बघितला, काही बोलल्या नाहीत. शिंगाळे बघितले, म्हणाल्या, "हे आमच्याकडे पोरं शाळेतून येताना आणतात." पण केलं असं की दोन वेळा भात लावावा लागला.

कासव दिसलं नाही. माग दिसला रविवारी पहाटे, मुखाकडच्या बाजूला. बाजूने दोन काठ्या आडव्या ठेवल्या आणि गावात सांगितलं.

आता पुढचं. तीन आठवड्यांनी पुन्हा जायचं ठरतंय. शनिवारी द्वितीया येतेय. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे भरती रात्री दीडला आणि दुपारी पावणेदोनच्या पुढे. बरोबर ना?

---

पाऊणपट

हिशेब बरोबर, शनिवार चुकीचा. म्हणजे संध्याकाळी साडेसात-आठला तळाची ओहोटी, कातरवेळी पाणी उतरतं आणि चर बघायचा तर अंधारात. त्याच्या पुढचा शनिवार घ्या, नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. पाणी जरा भांगाचं असेल, पण रुमाल बांधायला उजेड मिळेल.

ताडपत्री न्या.